होडीत काय घ्यावे, काय ठेवावे

वाशिष्ठी नदी सह्याद्रीतून उतरते. चिपळूणवरून वाहत जाते आणि दाभोळला समुद्राला मिळते. चिपळूणच्या खाली तिची खाडी होते. दोन्ही काठांना डोंगर, मधे रुंद पाणी, कडेला कांदळवन. या खाडीवर भोई लोकांची गावे आहेत. खाडीत जाळे टाकावे, गरी टाकावी, मिळेल ती मासळी बाजारात न्यावी, असा त्यांचा पिढ्यांचा धंदा.

अशाच एका गावात गणू आपल्या मामाकडे आला. गणू पुण्याला कारखान्यात कामाला होता. कामगार कमी केले, त्यात त्याचे काम गेले. चार महिने तो घरी बसून होता. मग मामाने निरोप धाडला, "बसून किती दिवस खाशील? माझी लहान होडी पडून आहे. ये, गरी टाकायला शीक."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा काठावर आला. पाहतो तर गणू आधीच हजर. होडीजवळ त्याने सामानाचा ढीग घातला होता. रीळ लावलेल्या दोन लांब काठ्या. गऱ्यांनी भरलेला मोठा डबा. एक पागाचे जाळे. मासळी ठेवायला मोठा टब. बर्फाने काठोकाठ भरलेली थर्माकोलची पेटी. छत्री, स्टोव्ह, चहाचे पातेले. आणि पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन.

मामाने ढिगाला एक फेरी घातली. म्हणाला, "गणू, वऱ्हाड कुठं निघालंय?"

गणू ओशाळला. "मामा, पाण्यात मधेच काही लागलं तर? परत यायला नको म्हणून घेतलं."

"बरोबर. पण तू कुठं बसणार?"

होडी लहान होती. लांबी तीन मीटर, रुंदी जेमतेम अर्धा मीटर. एका माणसाची होडी. तिला बाजूची उलांडी नव्हती. उलांडी म्हणजे होडीला आडवे बांधलेले लाकूड. त्याने होडी सहसा कलंडत नाही. बिनउलांडीच्या होडीत माणूस हलला की होडी हलते.

मामाने हिशोब मांडला. पाण्याचा कॅन वीस किलो. बर्फाची पेटी पंधरा किलो. जाळे, टब, स्टोव्ह मिळून आणखी वीस. गणू स्वतः साठ किलोचा. वर मासळी मिळाली तर तिचे वजन वेगळेच. मामा म्हणाला, "सामान भर, तू बस, आणि काठ बघ. होडीचा काठ पाण्यापासून एक वीतभर तरी वर राहिला पाहिजे. त्याच्या खाली गेला तर सामान उतरव. मासळी उतरवायची वेळ येऊ देऊ नकोस."

मग मामाने ढीग निवडायला घेतला.

स्टोव्ह, पातेले आणि छत्री त्याने आधी बाजूला काढली. छत्रीत वारा भरला की ती शिडासारखी ओढते. डोक्याला टोपी पुरे. वीस लिटरच्या कॅनऐवजी दोन लिटरची बाटली घेतली. चार तासांना तेवढी चालते. पागाचे जाळेही राहिले. पाग टाकायला उभे राहावे लागते. एकट्याच्या होडीत, तेही नवशिक्याने, उभे राहू नये. "पाग काठावरून टाकायला शीक आधी," मामा म्हणाला.

लांब काठ्यांवर गणूचा फार जीव होता. पुण्याहून त्याने त्या मुद्दाम आणल्या होत्या. मामाने एक ठेवली, एक परत दिली. खाडीतल्या जुन्या माणसाला काठी लागतच नाही. लाकडाच्या फिरकीवर तंगूस गुंडाळलेला, टोकाला शिसे आणि गरी. हातातल्या तंगुसाला मासा लागला की बोटाला कळते. काठी वाईट नाही, पण होडीत ती आडवी येते.

गऱ्यांचा डबाही हलका झाला. बारीक गऱ्या पाच-सहा घेतल्या, काळुंदरासाठी. काळुंदराचे तोंड लहान. जाड गऱ्या चार, तांबोशासाठी. तांबोसा गरी गिळली की सरळ कांदळाच्या मुळांत घुसतो. तिथे बारीक तंगूस टिकत नाही. सगळ्या गऱ्या थर्माकोलच्या एका तुकड्यात टोचून ठेवल्या. सुट्या गऱ्या होडीच्या तळाला पडल्या तर पायात शिरतात. शिसे मात्र हलके आणि जड, दोन्ही प्रकारचे घेतले. भरती-ओहोटीच्या मध्यावर पाण्याला ओढ फार असते. तेव्हा जड शिसे हवे. पाणी थबकले की हलके.

आणि एक पक्कड. ही विसरू नये. खाडीत शिंगाळा लागतो. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बगलांना एकेक असे तीन काटे असतात. काटा हातात गेला की विष चढते, हात ठणकतो. पाकटाच्या शेपटीवरचा काटा तर त्याहून वाईट. असा मासा हाताने धरू नये. पक्कडीने गरी सोडवावी. नाहीच सुटली तर तंगूस कापून टाकावा. गरी स्वस्त आहे. काटा लागलाच तर काठावर यावे आणि सोसेल एवढ्या गरम पाण्यात हात किंवा पाय बुडवून ठेवावा. अर्धा ते दीड तास ठेवावा. उष्णतेने ठणका कमी होतो. सोसेल एवढेच गरम, बरे का. कातडे भाजून घेऊ नये. मग डॉक्टरला दाखवावे. काट्याचा तुकडा आत राहिला तर जखम चिघळते.

एवढे झाल्यावर ढीग निम्म्याहून कमी झाला. गणूला वाटले, आता निघायचे. तेव्हा मामा घरात गेला आणि आणखी सामान घेऊन आला.

गणू म्हणाला, "माझं कमी केलंत आणि तुमचं वाढवलंत!"

"तुझं सामान मासळीसाठी होतं. हे तुझ्यासाठी आहे," मामा म्हणाला.

पहिले होते जाकीट. पाण्यात माणसाला तरंगते ठेवणारे. गणू म्हणाला, "मला पोहता येतं, मामा." मामाने विचारले, "पायात तंगूस गुंतला तर? डोक्याला होडीचा काठ लागला तर?" गणूला उत्तर सुचले नाही. काही लोक म्हणतात, जाकिटात उकडते. खरे आहे, उकडते. पण फळीखाली ठेवलेले जाकीट होडी उलटल्यावर हाती लागत नाही. ते अंगात घातलेले आणि पट्टे आवळलेले असावे. जाकीट घेणे होईपर्यंत काही जण पाच लिटरचा रिकामा कॅन, बूच घट्ट लावून, होडीला बांधून ठेवतात. तो धरला तर आधार होतो. पण कॅन म्हणजे जाकीट नव्हे. बेशुद्ध माणूस कॅन धरू शकत नाही.

दुसरे होते पाणी उपसायचे भांडे. भांडे कसले, तेलाचा प्लॅस्टिकचा डबा तिरका कापलेला, मूठ तशीच ठेवलेली. गणू हसला. मामा हसला नाही. त्याने विचारले, "होडीत चार बोटं पाणी आलं तर किती वजन झालं?"

"असेल पाच-दहा किलो."

आपणही हिशोब करून पाहू. होडी तीन मीटर लांब, अर्धा मीटर रुंद. चार बोटे म्हणजे सुमारे सात सेंटिमीटर. गुणाकार केला तर शंभर लिटरच्या वर पाणी होते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. म्हणजे शंभर किलो! होडीचा तळ निमुळता असतो, म्हणून थोडे कमी धरा. तरी एक धडधाकट माणूस होडीत येऊन बसल्यासारखे झाले. आणि हा माणूस स्वस्थ बसत नाही. होडी डावीकडे कलली की पाणी डावीकडे धावते आणि तिला आणखी कलवते. म्हणून पाणी दोन बोटे झाले की गरी गुंडाळावी आणि आधी उपसावे.

भांड्याच्या मुठीला दोरी होती. मामाने ती होडीच्या आडव्या फळीला बांधली. दुसरे एक आखूड वल्हे होते, तेही बाजूला दोरीने अडकवले. एक वल्हे वाहून गेले तर दुसरे हवे. वल्ह्याविना होडी म्हणजे ओंडका. पक्कड बांधली. पाण्याची बाटली बांधली. भाकरीचा डबासुद्धा बांधला. होडीत बांधले नाही ते आपले नाही, असे मामा मानतो.

ही रीत खाडीपुरती नाही. दूर उत्तरेला ग्रीनलंड नावाचा बर्फाचा मुलूख आहे. तिथले इनुइट लोक सीलची शिकार करायला एकट्याची होडी वापरत. लाकडाचा सांगाडा, त्यावर सीलचे कातडे ताणून शिवलेले. तिला ते कयाक म्हणतात. होडी इतकी अरुंद की माणूस बसला की संपली. पण भाला, त्याची दोरी, फुगवलेल्या कातड्याची बोय, सगळे तिच्या पाठीवर ठरल्या जागी असे. काही वस्तू कातडी पट्ट्यांखाली अडकवलेल्या असत. न पाहता हात घातला की वस्तू हातात आली पाहिजे. तिथले पाणी इतके गार की शोधाशोध करायला सवडच नाही. त्याच घाटाच्या प्लॅस्टिकच्या होड्या आता आपल्याकडे तारकर्लीला आणि गोव्याला हौशी लोक वल्हवतात.

आता राहिला नांगर. मामाने तीन किलोचा लोखंडी नांगर आणला होता, चार पंजांचा. खाडीचा तळ चिखलाचा. पंजे चिखलात रुततात. नुसता दगड घसरत जातो, म्हणून दगड घ्यायचा तर दुप्पट वजनाचा घ्यावा लागतो.

"दोर किती घ्यायचा?" गणूने विचारले.

"पाणी किती खोल आहे, त्यावर आहे. खोलीच्या तिप्पट, निदान."

दोन्ही हात पसरले की होते ती एक वाव. दोन वाव पाणी असेल तर सहा वाव दोर हवा. आखूड दोर नांगराला वर उचलतो. मग नांगर रुतत नाही. लांब दोर त्याला आडवा ओढतो, तो रुतत जातो. शिवाय पाणी वाढते. ओहोटीला दोन वाव असलेल्या जागी उधाणाच्या भरतीला तीन वाव होते. तेव्हा नऊ वाव दोर लागतो. म्हणून मामा दहा वाव बाळगतो.

गणूने नांगराचा दोर घेतला आणि आपल्या बसायच्या जागेजवळ, होडीच्या कुशीला बांधू लागला. तिथे हाताशी राहील असे त्याला वाटले.

"सोड!" मामा एकदम ओरडला. इतका वेळ तो हळू बोलत होता. गणूचे हात थांबले.

मामा वाळूत बसला. "तुझा थोरला मामा खाडीत गेला, एवढं तुला ठाऊक आहे. कसा गेला, ते ठाऊक नाही. तू तेव्हा पाळण्यात होतास."

मग मामाने सांगितले. त्या दिवशी अमावास्येचे उधाण होते. दोघे भाऊ एकाच होडीत होते. ओहोटी जोरात लागली होती. नाळेला बांधलेला दोर गरीच्या आड येत होता. थोरल्याने तो सोडला आणि कुशीला बांधला. थोडा वेळच, म्हणाला. इतक्यात वरून एक ओंडका वाहत आला आणि नांगराच्या दोराला अडकला. दोर ताणला. होडीची कूस खाली खेचली गेली. पाणी आत आले. गाठ ओली होऊन आवळली होती. ती सुटेना. सुरी होती, पण मासळीच्या टोपलीत, जाळ्याच्या खाली.

"मी टोपली उपसत होतो," मामा म्हणाला. "सुरी सापडायच्या आधी होडी उलटली. मला होडीचा कणा धरायला मिळाला. लाकडाची होडी, पालथी झाली तरी तरंगत होती. मी तिला सोडलं नाही, म्हणून वाचलो. तो काठाकडे पोहत निघाला. माझ्यापेक्षा चांगला पोहणारा. तिसऱ्या दिवशी सापडला."

दोघे थोडा वेळ गप्प राहिले.

मामाच्या गळ्यात म्यानात घातलेली लहान सुरी नेहमी असते. गणूला आजवर वाटे, ती मासळीसाठी आहे. मामाने तशीच दुसरी सुरी काढून गणूच्या गळ्यात घातली.

मग त्याने गणूकडून दोर बांधून घेतला. नांगर नेहमी नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला बांधावा. मग होडी ओढीकडे तोंड करून राहते. पाणी दोन्ही अंगांनी निघून जाते. कुशीला बांधला तर सगळी ओढ आडव्या होडीवर येते. मागच्या टोकाला बांधला तरी धोका आहे. तिथे आपण बसतो, ते टोक आधीच खाली असते. गाठही साधी नको. सरफास अशी घालावी की मोकळे टोक एका हिसक्याने ओढले की सुटेल. गणूने ती दहा वेळा बांधली, दहा वेळा सोडली. शेवटच्या चार वेळा मामाने त्याला डोळे मिटायला लावले.

मोबाइल गणूकडे होताच. तो खिशात ठेवू नये. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तोंड घट्ट बांधून, गळ्यात अडकवावा. पिशवीत थोडी हवा ठेवली तर ती तरंगते. घरून निघताना त्यात वीज पुरेशी भरलेली असावी. संकटात ११२ हा नंबर लावावा. समुद्रावरच्या मदतीसाठी तटरक्षक दलाचा नंबर १५५४ आहे. दोन्ही नंबर पाठ करावेत. डोंगराच्या आड मोबाइल लागत नाही, तेव्हा शिटी उपयोगी. ओरडून घसा बसतो. शिटीचा आवाज दूर जातो आणि तिला वीज लागत नाही. जाकिटालाच ती बांधून टाकावी.

मासळीसाठी मोठ्या टबाऐवजी लहान पेटी आणि तीन किलो बर्फ घेतला. उन्हाळ्यात एक किलो मासळीला एक किलो बर्फ धरावा. बर्फ संपला तर ओले गोणपाट घालावे. वाऱ्याने ते गार राहते. पण ती तात्पुरती सोय झाली. मऊ पडलेल्या मासळीला बाजारात कोणी विचारत नाही. मासळी दोरीत ओवून होडीच्या बाजूला पाण्यात सोडायची सवय काहींना असते. या खाडीत ती नको. वाशिष्ठीत मगरी आहेत. मासळीची आतडी काढायची तीही काठावर येऊन, होडीत बसून नव्हे.

"आज किती वाजता परतायचं?" गणूने विचारले.

"आज तिथी कोणती?"

"षष्ठी."

"मग सहाला तिनानं गुण, चारानं भाग."

सहा त्रिक अठरा. अठराला चाराने भागले तर साडेचार. म्हणजे साडेचारच्या सुमारास भरती पुरी होते. पहाटेही आणि संध्याकाळीही. शुद्ध पक्ष असो की वद्य, कोकणात हा हिशोब चालतो. भरतीनंतर सहा तासांहून थोडे अधिक झाले की ओहोटी पुरी होते. म्हणजे आज पावणेअकराला. हा अंदाज खाडीच्या तोंडाचा आहे. वर आतल्या गावांना पाणी उशिरा पोचते, तेवढा फरक आपापल्या गावाचा धरावा. ओहोटीबरोबर खाली जावे, भरतीबरोबर वर यावे. हात कमी दुखतात. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो. ओहोटी खाली जाते आहे आणि वारा वर येतो आहे, असे झाले की पाणी उभे राहते. लहान होडीला त्या लाटा पेलत नाहीत.

एवढ्यात मामी भाकरी घेऊन आली. तिने गणूच्या अंगातले जाकीट पाहिले, गळ्यातली सुरी पाहिली, आणि काही बोलली नाही. मग विचारले, "कुठवर जाणार?"

"कांदळाच्या वळणापर्यंत," मामा म्हणाला. "गणू लहान होडीत, मी माझ्या होडीत. साडेबाराला परत."

"एक वाजला तर मी शेजारच्यांना होडी काढायला सांगेन."

"सांग."

मामी रोज असे विचारते. मामा रोज खरी जागा आणि खरी वेळ सांगतो. त्या जागेहून पुढे मासळी असली तरी तो जात नाही. जायचेच झाले तर आधी फोन करतो.

त्या दिवशी गणूला दोन काळुंदर आणि एक शिंगाळा मिळाला. शिंगाळ्याची गरी सुटेना, म्हणून त्याने तंगूस कापला. मधे एकदा नांगराचा दोर गवताच्या पुंजक्याने ताणला. गणूने गाठ सोडून पाहिली. एका हिसक्यात सुटली. नांगर मात्र तळाला राहिला, कारण दोराचे टोक त्याने दुसरीकडे कुठे बांधले नव्हते. मामाने आपल्या होडीतून गळ टाकून तो दोर शोधून काढला. त्याला अर्धा तास लागला. मामा रागावला नाही. "आता दोराच्या शेवटाला तो रिकामा कॅन बांध," म्हणाला. "सोडलास तरी कॅन तरंगत राहील. मागाहून येऊन उचलता येईल."

साडेबाराला दहा मिनिटे असताना दोन्ही होड्या काठाला लागल्या. गणूने गऱ्या आणि पक्कड गोड्या पाण्याने धुतली, नाहीतर खारे पाणी लोखंड खाते. दोर सावलीत पसरला. सुरीला तेलाचा हात लावून ती म्यानात घातली. मग घरात जाऊन काठीला लावलेले रीळ सोडवले आणि त्यावरचा तंगूस तो मामाच्या जुन्या लाकडी फिरकीवर गुंडाळू लागला.